पेपर हातात पडण्याआधी

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या कॉलनीत दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. मंडपामागे प्लांटची ज्योत नेहमीसारखी जळत होती. गणितात पहिल्या आलेल्या तीन मुलींना बक्षीस द्यायला एक ज्येष्ठ अभियंते उठले. तीस-पस्तीस वर्षं प्लांटमध्ये काढून आता निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. माझ्या मुलाला सायकल त्यांनीच शिकवली, तेव्हा पुढे लिहिते आहे ते मनात आकस धरून नाही. पण त्यांचं भाषण मला पटलं नाही, आणि पटलं नसताना मी टाळ्या वाजवल्या याची रुखरुख अजून जात नाही.

काका म्हणाले, गणिताला बाई-पुरुष कळत नाही. दोन आणि दोन मुलालाही चार आणि मुलीलाही चारच. मग मुलींसाठी वेगळं ऑलिंपियाड कशाला, आयआयटीत जादा जागा कशाला? जिच्यात दम आहे ती पुढे येतेच, या तिघी आल्या तशी. बाकी मुलींचा कल गणिताकडे जरा कमीच असतो, निसर्गानं ज्याला त्याला वेगळं काही दिलेलं असतं, त्यात कमीपणा कसला? आणि शेवटी म्हणाले, आपल्या संस्कृतीनं लेकीबाळींना गणितापासून कधी अडवलं? आमच्या चाळीसगावच्या पाटणला भास्कराचार्यांनी लेकीच्या नावानं ग्रंथ लिहिला!

टाळ्या थांबेनात. कॉलनीत निम्मी मराठी घरं खानदेशातली, त्यात पाटणचं नाव निघालं.

काकांचं पहिलं वाक्य खरं आहे. मी गणितात एम.एस्सी. केलं, बावीस वर्षं शिकवते आहे, आणि या विषयाच्या प्रेमात पडले ते याच एका गोष्टीमुळे, की सिद्धता बरोबर असली तर ती कुणी लिहिली हे विचारावं लागत नाही. पण गणित आपल्या पायांनी चालत कुणाच्या घरी येत नाही. त्यासाठी वर्गापर्यंत जावं लागतं, वही उघडून तासभर नुसतं बसावं लागतं, आणि त्या तासात कुणी हाक मारणार नाही असं असावं लागतं. काका उत्तराबद्दल बोलत होते. मला त्या तासाबद्दल बोलायचं आहे.

बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ माझ्या घरी वर्ग भरतो. कॉलनीतली दहा-बारा मुलं असतात, आणि मोरा गावातून चार-पाच जण येतात. मोऱ्यात ठेक्यावर काम करणारी कुटुंबं भाड्याच्या खोल्यांतून राहतात. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातली बरीच, काही आपली खानदेशी. गेल्या वर्षी त्यातली एक मुलगी नववीत होती. चौथीपर्यंत गावाकडे मराठीत शिकली आणि मग इथे गुजराती शाळेत, त्यामुळे बेरजेला कधी बेरीज म्हणायची, कधी सरवाळो. तिचा वर्षाने लहान भाऊही वर्गाला यायचा.

जुलैमध्ये एका शनिवारी मी फळ्यावर एक जुनं, नावाजलेलं गणित लिहिलं. १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या उचला. त्यात दोन तरी अशा सापडणारच की एकीनं दुसरीला नि:शेष भाग जातो. का, ते सांगा. मुलगे लगेच आरडाओरडा करायला लागले. कुणी म्हणालं १ घेतला की झालं, कुणी म्हणालं सगळ्या सम संख्या घेऊन बघू. एकजण न विचारताच फळ्याशी आला आणि मूळ संख्यांचं काहीतरी अर्धवट लिहायला लागला. मी त्याला लिहू दिलं. ही मुलगी मागे खिडकीशी बसली होती. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं रकाने पाडले होते. पहिल्यात १, २, ४, ८, १६, ३२, ६४. दुसऱ्यात ३, ६, १२, २४, ४८, ९६. मग ५, १०, २०, ४०, ८०. मग ७ चा रकाना. त्याखाली ‘असंच ९९ पर्यंत’, आणि समासात ५० हा आकडा, त्याभोवती दोनदा गोल. मी जवळ गेले तशी तिनं पानावर तळहात ठेवला.

“काय लिहिलंस?”

“काही नाही मॅडम, असंच.”

हात काढायला लावला तेव्हा म्हणाली, “हे एकेक घर आहे. पहिली विषम, मग तिची दुप्पट, मग तिची दुप्पट. एका घरातल्या कुठल्याही दोघी घ्या, धाकटीनं मोठीला भाग जातोच. विषम संख्या पन्नास, म्हणजे घरं पन्नास. एक्कावन्न जणी राहायला आल्या तर एका तरी घरात दोघी येणार ना?”

ही पुरी सिद्धता आहे. यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. आणि ती तिनं हाताखाली लपवली होती, कारण फळ्याशी दुसरं कुणीतरी उभं होतं. त्या रात्री मी माझाच हिशेब मांडला. त्या वर्षात सिद्धता मांडायला मी फळ्याकडे कुणाला बोलावलं होतं? जवळजवळ दर वेळी मुलाला. मुलींना बोलावलं होतं ते आकृती स्वच्छ काढायला. मी स्वतः बाई, मी स्वतः गणित शिकलेली, तरी माझा हात असाच वळला होता.

दिवाळीनंतर ती यायची थांबली. आधी रस्त्याचं कारण सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. हजीऱ्याच्या त्या रस्त्यावर रात्री पोलादाच्या कॉइल वाहणारे ट्रेलर एकामागून एक धावतात, कडेने चालायला जागा नाही. पण भाऊ तर येतच होता, त्याच्यासोबत येऊ दे म्हटल्यावर खरं कारण निघालं. साडेसहा ते साडेआठ ही घरातली कामाची वेळ. तेव्हा नळ येतो, वडिलांचा रात्रपाळीचा डबा व्हायचा असतो, आणि आई साड्यांवर खडे चिकटवायचं काम आणते त्याचा गठ्ठा रात्री परत द्यायचा असतो. साडीमागे पैसे मिळतात. मुलगी हाताशी असली की दोन साड्या जास्त होतात. मी तिच्या आईला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पंधरा दिवसांनी भावानं एक चिठ्ठी आणून दिली. तिच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मॅडम, ५१ च का? ५० घेतल्या तर चुकतं. ५१ ते १०० घ्या. कुणी कुणाला भागत नाही.’ हा प्रश्न मी वर्गात विचारलाच नव्हता. विधान सिद्ध झाल्यावर ते आणखी ताणता येतं का, अट एकानं सैल केली तर काय होतं, हे आपणहून विचारणं म्हणजेच गणित करणं. एम.एस्सी.च्या वर्गातही ते फार थोड्यांना सुचतं. हिला ते खडे चिकटवताना सुचलं.

काका, ‘कल कमीच’ हे तुम्ही कुणाबद्दल म्हणालात?

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका-मुली त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष-मुलगे ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं थोडी उतरली, मधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं, दोनशे मिनिटांच्या वर. या पाहणीत सहा वर्षांपासूनची मुलं मोजलेली असतात. म्हणजे रोजचे तीन तासांहून जास्त. गणित हा विषय असा आहे की तो अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होत नाही. इतिहासाचं पान भाजी निवडता निवडता वाचता येतं. अवघड उदाहरणात मात्र आत शिरायलाच अर्धा तास जातो, आणि मध्ये एक हाक आली की पुन्हा दारापासून सुरुवात. पेपर सगळ्यांना एकच वाटला जातो हे कबूल. पण तो हातात पडण्याआधीच निम्मी परीक्षा होऊन गेलेली असते.

म्हणून ‘दम असेल ती येईलच’ हे मला मान्य नाही. त्या दिवशी बक्षीस घेतलेल्या तिघी माझ्याच विद्यार्थिनी आहेत, हुशार आहेत, खूप मेहनत केली त्यांनी. पण तिघी क्वार्टरमध्ये राहतात, तिघींना स्वतःचं टेबल आहे, तिघींच्या घरी भांड्यांना बाई येते. जी व्यासपीठापर्यंत पोचली तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांत दम नव्हता असं म्हणणं म्हणजे तापीचा पूर ओसरल्यावर जी घरं उभी दिसतात तेवढीच गावात होती असं म्हणण्यासारखं आहे.

कलाबद्दल आणखी थोडं. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएच.डी.पर्यंत, ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. विज्ञानाच्या वर्गात मुली जास्त आहेत. कुठल्याही विद्यापीठात गणिताच्या एम.एस्सी.च्या वर्गात डोकावा, बाकं कुणी भरली आहेत ते दिसेल. आणि वर? भटनागर पुरस्कार गणितासाठी २०२२ पर्यंत तीनच स्त्रियांना मिळाला: रामन परिमला यांना १९८७ मध्ये, सुजाता रामदोराई यांना २००४ मध्ये आणि नीना गुप्ता यांना २०१९ मध्ये. कल नसता तर खालचा वर्ग भरला नसता. तो भरतो आणि वर जाताना रिकामा होतो, याचा अर्थ वाटेत काही घडतं.

काय घडतं, याचं उत्तर मराठी वाचकाला परक्या ठिकाणी शोधायला नको. मंगला नारळीकर मुंबई विद्यापीठातून १९६४ मध्ये गणितात एम.ए. झाल्या त्या कुलपतींचं सुवर्णपदक घेऊन. लगेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेल्या. १९६६ मध्ये लग्न झालं, त्या गणिती पतीसोबत केंब्रिजला गेल्या. पीएच.डी. मिळाली १९८१ मध्ये, संख्याशास्त्रातल्या नव्हे, संख्यांच्या सिद्धांतातल्या अतिशय अवघड शाखेत. लग्न आणि पदवी यांच्यामध्ये पंधरा वर्षं, मुली, घर. त्या स्वतः याबद्दल कडवटपणे बोलल्या नाहीत, त्यांनी ते आयुष्य आपलं मानलं आणि मराठी मुलांसाठी ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहून फार मोठं काम केलं. त्यांच्या समाधानावर बोलायचा मला अधिकार नाही. पण मला विचारायचं आहे ते असं: त्या घरात दोन गणिती होते, आणि थांबायचं कुणी हा प्रश्न कुणाला विचारावाच लागला नाही. तो कुठल्याच घरात विचारावा लागत नाही. मलाही कुणी विचारला नाही. एम.एस्सी.नंतर संशोधनासाठी मुलाखतीला गेले तेव्हा समितीतल्या एकानं माझ्या आवडत्या प्रमेयाबद्दल एक प्रश्न विचारला आणि लग्नाबद्दल तीन.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली मंगला नारळीकरांच्या समितीनं बावन्नऐवजी ‘पन्नास दोन’ असंही म्हणता येईल असं सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रभर त्यांची टिंगल झाली. सूचनेवर मतभेद असू शकतात, माझेही होते. पण जोडाक्षरांत अडखळणारं, संख्येच्या नावापाशीच मागे राहणारं मूल डोळ्यांपुढे ठेवून त्या बोलत होत्या, हे टिंगल करणाऱ्या फार थोड्यांनी पाहिलं.

आता निसर्गाकडे येते, कारण हा मुद्दा शास्त्राचं नाव घेऊन येतो म्हणून लोक गप्प बसतात. अमेरिकेत तेराव्या वर्षाच्या आत मोठ्या मुलांची गणित परीक्षा देऊन अत्युच्च गुण मिळवणाऱ्या मुलांची मोजणी १९८० च्या सुमारास झाली. तेव्हा एका मुलीमागे तेरा मुलगे होते. हा आकडा जगभर निसर्गाचा निकाल म्हणून सांगितला गेला. पंधरा-वीस वर्षांत त्याच मोजणीत एका मुलीमागे चारच्या आसपास मुलगे उरले. इतक्या वर्षांत मेंदूची घडण बदलत नाही. बदलली ती शाळा, आणि आईबापांची अपेक्षा. आपल्या ईशान्येतलं उदाहरण तर मला याहून बोलकं वाटतं. खासी आणि कार्बी हे शेजारी समाज. खासींमध्ये मालमत्ता धाकट्या लेकीकडे जाते, कार्बींमध्ये मुलाकडे. दोन्हीकडच्या मिळून सुमारे तेराशे लोकांना तुकडे जुळवायचं एक साधं कोडं दिलं गेलं. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बी बायकांना कार्बी पुरुषांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. खासी बायका आणि खासी पुरुष बरोबरीत सुटले. डोंगर शेजारचे, अन्न जवळपास तेच, आणि फरक घराची चावी कुणाच्या हातात आहे त्याचा.

आणि ज्याला आपण कल म्हणतो तो किती वेळा कायद्यानंच वळवलेला असतो! काका नेहमी सांगतात, आमच्या काळी प्लांटमध्ये मुली यायच्याच नाहीत. येणार कशा? १९४८ च्या कारखाने कायद्याचं ६६ वं कलम सांगत होतं की बाईला कारखान्यात काम करता येईल ते सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच. चोवीस तास चालणाऱ्या प्लांटमध्ये ज्याला रात्रपाळी करता येत नाही त्याला शिफ्ट इंजिनिअर कोण करणार? आणि नोकरीच नाही म्हटल्यावर लेकीला गणित घेऊन इंजिनिअरिंगला कोण घालणार? कायद्याच्या एका ओळीनं अशा किती मुली बारावीतच दुसरीकडे वळवल्या असतील, त्याची मोजणी कुठे नाही.

काकांनी शेवटी ज्या ग्रंथाचा दाखला दिला त्या लीलावतीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तिचं नाव काढलं की आपला माणूस निश्चिंत होतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्याचा पहिला भाग लीलावती. त्यात ते ‘बाले’ म्हणून, हरिणाक्षी म्हणून कुणा मुलीला हाक मारतात आणि गणितं घालतात. हे सुंदर आहे, जगात त्या काळी दुसरं असं पुस्तक दाखवणं अवघड आहे. पण ती त्यांची लेक होती ही कथा आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, चारशेहून अधिक वर्षांनंतर. आणि ती कथा तरी काय आहे? लग्नाचा मुहूर्त पाहायला घटिकापात्र लावलं होतं, उत्सुकतेनं मुलगी त्यात डोकावली, अंगावरचा मोती सुटून भोकात अडकला, पाणी थांबलं, मुहूर्त टळला, लग्न राहिलं. मग बापानं समजूत म्हणून तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. कथेत मुलीच्या वाट्याला गणित आलं ते लग्न मोडलं म्हणून! लग्न झालं असतं तर ग्रंथाचं नाव दुसरं असतं. आणि जिला यंत्र कसं चालतं हे पाहायची उत्सुकता होती, त्या उत्सुकतेचीच कथेनं तिला शिक्षा दिली.

पाटणच्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. त्यात वंशावळ दिली आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, मग लक्ष्मीधर आणि चांगदेव. घराण्याची विद्या बापाकडून मुलाकडे गेली. जिच्या नावानं आपण टाळ्या वाजवतो तिनं लिहिलेली एक ओळ कुठे नाही. पाटणच्या डोंगरातलं पाणी डोंगरी-तितूर-गिरणा करत तापीत येतं आणि तापी आपल्या हजीऱ्याला समुद्राला मिळते. त्या चिठ्ठीवाल्या मुलीचे आईबापही चाळीसगाव तालुक्यातलेच. तिच्यापर्यंत लीलावतीचं नाव आलंय, सिद्धता लिहायला निवांत तास आलेला नाही.

मराठी माणसाला गणिताचा दुसरा अभिमान रँग्लर परांजप्यांचा. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला आलेला पहिला भारतीय, घराघरात ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्यामुळे गेला. त्याच परीक्षेत नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षा, म्हणजे पहिल्या आलेल्या मुलापेक्षा, जास्त गुण पडले होते. तिला ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच म्हटलं गेलं. ना तो किताब मिळाला, ना पदवी. पेपर तोच, तपासणारे तेच. पुढे परांजप्यांची कन्या शकुंतला त्याच केंब्रिजला गेली, न्यूनहॅम कॉलेजातून तिनं गणिताचा ट्रायपॉस, म्हणजे तीच परीक्षा, १९२९ मध्ये पूर्ण केली. बापाला विद्यापीठानं डोक्यावर घेतलं होतं. तीस वर्षांनी लेकीच्या वेळी बायकांना पदवी मिळत होती ती नावापुरती, विद्यापीठाचं सदस्यत्व न देता. पूर्ण पदवी बायकांना केंब्रिजनं दिली १९४८ मध्ये. गणिताला बाई-पुरुष कळत नाही, काका, पण गणिताचा दरवाजा राखणाऱ्यांना तो भेद पक्का कळत आला आहे.

आता त्या वेगळ्या ऑलिंपियाडबद्दल. मंडपात कुणीतरी मागून विचारलं होतं, मुलींचा पेपर सोपा असतो का? नाही. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड २०१२ मध्ये सुरू झालं, भारत २०१५ पासून संघ पाठवतो. दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न, प्रत्येकी सात गुण. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा साचा अगदी हाच. मग कशाला हवं? कारण भारत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला १९८९ पासून सहा जणांचा संघ पाठवतो आणि बहुतेक वर्षी सहाच्या सहा मुलगे असतात. नववीतली मुलगी हे चित्र बघते आणि फॉर्मच भरत नाही. चार मुलींचा संघ निवडायचा म्हटल्यावर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राला मुली शोधाव्या लागतात, शिबिराला बोलवाव्या लागतात, तिथे त्यांना आपल्यासारख्या आणखी मुली भेटतात. गणिती मरियम मिर्झाखानी तेहरानच्या शाळेत होती तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या इराणी संघात मुली नसायच्या. तिच्या मुख्याध्यापिकेनं मुलींसाठी मुलांच्या शाळेसारखेच तयारीचे वर्ग सुरू करवून घेतले. मरियमनं १९९४ आणि १९९५ अशी दोन सुवर्णपदकं आणली, दुसऱ्या वर्षी पैकीच्या पैकी गुण मिळवून, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पदक सुरू होऊन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती.

आयआयटीच्या जादा जागांचा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो मी टाळणार नाही. २०१६ च्या सुमारास आयआयटीच्या बी.टेक.ला मुली आठ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा आल्या, २०२० पर्यंत वीस टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. एनआयटींतही, म्हणजे आपल्या सुरतेच्या एसव्हीएनआयटीतही, अशी सोय झाली. अधिसंख्य म्हणजे असलेल्या जागांच्या वर. मुलाची एकही जागा काढून घेतलेली नाही. मुलीला परीक्षाही तीच द्यावी लागते, पात्रही व्हावं लागतं. पण हो, तिचा क्रमांक कधी कधी त्या जागेसाठी नाकारलेल्या मुलाच्या मागचा असतो. त्या मुलाला वाईट वाटतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. मी एवढंच विचारते, तो क्रमांक कशाचा आकडा आहे? डोक्याचा आहेच. त्यात कोटा शहरातल्या क्लासमध्ये काढलेल्या दोन वर्षांचाही वाटा आहे, रात्री अकराला क्लासमधून एकटं परतता येण्याचाही आहे, आणि ‘परत एक वर्ष दे, हरकत नाही’ असं म्हणणाऱ्या बापाचाही आहे. माझ्या बावीस वर्षांत लेकीला एक वर्ष जास्त द्या म्हणणारे बाप मी हाताच्या बोटांवर मोजेन. ‘कोट्यातून आली’ असा शिक्का मुलीवर बसतो हेही खरं. पण तो शिक्का मारणारे हात आपलेच आहेत, तेव्हा तो थांबवणंही आपल्याच हातात आहे. त्यासाठी जागा काढून घ्यायला नको.

काका म्हणतील, तुम्ही एकीकडे मुलगे-मुली सारखे म्हणता आणि दुसरीकडे मुलींसाठी वेगळं मागता. याचं उत्तर सुरतेच्याच एका बाईकडे आहे. हंसा मेहता सुरतेत १८९७ मध्ये जन्मल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ लिहिलं जात होतं तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ घालायला लावलं ते त्यांनी. १९६२ मध्ये मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का हे ठरवायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या काळी बऱ्याच ठिकाणी मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता यायचं, आणि ही मुलींवर केलेली कृपा समजली जायची. समितीनं १९६४ मध्ये सांगितलं, अभ्यासक्रम दोघांना एकच हवा. कोठारी आयोगानं ते उचलून धरलं, दहावीपर्यंत गणित सगळ्यांना सक्तीचं असावं म्हटलं, आणि त्याच दमात हेही म्हटलं की मुलींनी गणित-विज्ञानाकडे यावं म्हणून खास प्रयत्न करायला हवेत. विषय एकच ठेवायचा आणि तिथवर पोचायला मदत जिला कमी मिळाली तिला जास्त द्यायची. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही, मलाही दिसत नाही.

पण ती जुनी कृपा मागच्या दारानं परत येते आहे. सीबीएसईनं २०२० पासून दहावीला ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशी दोन गणितं ठेवली. बेसिक घेतलं तर अकरावीला गणित घेता येत नाही असा मूळ नियम. मधल्या काळात त्यात सवलती आल्या. आमच्या कॉलनीत गेल्या वर्षी दोन घरांत मुलासाठी स्टँडर्ड आणि मुलीसाठी बेसिक भरलं गेलं. मुलीचे नववीचे गुण मुलापेक्षा जास्त होते. आईनं प्रेमानंच सांगितलं, कशाला डोक्याला ताप, सोपं घे.

पैशाची मदत येते आहे, ती मला मोलाची वाटते. गुजरात सरकारच्या २०२४ च्या नमो लक्ष्मी योजनेत प्रत्येक पात्र मुलीला नववी ते बारावीच्या वर्षांत मिळून पन्नास हजार रुपये मिळतात. त्या पैशामुळे मोऱ्यातल्या काही मुली शाळेत टिकल्या आहेत. पण संध्याकाळचे दोन तास त्यातून विकत घेता येत नाहीत.

म्हणून येत्या दिवाळीनंतर मी वर्ग मोऱ्यात नेते आहे. खोली मिळाली आहे, फळा एका शाळेनं जुना देऊ केला आहे. वेळ ठरवली ती तिच्या आईला विचारून: रविवारी दुपारी दोन ते चार. तेव्हा नळ नसतो, डबा नसतो, आणि साड्यांचा नवा गठ्ठा सोमवारी येतो. ती मुलगी आता दहावीत आहे, येईन म्हणाली आहे, आणि शेजारच्या दोघींना घेऊन येणार आहे. भूमिती मला काकांइतकी चांगली येत नाही. ड्रॉइंग वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडे गाडी आहे आणि रविवारची दुपार मोकळी आहे.

काका, पहिल्या रविवारी मी एक्कावन्नचं गणित पुन्हा घालणार आहे आणि फळ्याशी तिला बोलावणार आहे. तुम्ही या. शंका असेल ती तिलाच विचारा.